कुंकू लागलेल्या स्टिका

मागच्या वर्षीच्या खंडेनवमीला माझ्या बायकोने नेहमीसारखा पाट मांडला. पाटावर माझी शिट्टी, पट्ट्याचं बक्कल, जुनी लाठी, घरातली विळी, अडकित्ता अन् माझी हॉकीची स्टिक. तिने सगळ्यांत आधी स्टिकला हळद-कुंकू लावलं. मी म्हटलं, "काहून वं, शिट्टी मोठी का सोटा मोठा? सरकारनं पगार तं शिट्टीचा देल्ला."

ती म्हणाली, "शिट्टीनं चोर पयाले, सोट्यानं पोरगा वाचला. तुमी चूप बसा अन् फूल द्या."

मी झेंडूचं फूल दिलं. एवढंच. पुढे ती आजारी पडली अन् दिवाळी तिने पाहिली नाही. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं नेहमीचं काम ते. तेव्हा माहीत नव्हतं हे बरं झालं. नाहीतर रडत बसलो असतो अन् फूल द्यायचं राहून गेलं असतं.

तिने ज्या पोराची आठवण काढली, त्याचं प्रकरण मला अजून काल घडल्यासारखं दिसतं. मी लिहिणारा माणूस नाही. शाळा चौथीपर्यंत. पोलिसात शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार होऊन रिटायर झालो. रिपोर्ट लिहून लिहून हात बसला, तेवढंच माझं लेखन. नावं कोणाची लिहिणार नाही. त्यातली बरीच माणसं अजून गावात आहेत. भेटली की कोणी रामराम करतं, कोणी जय भीम करतं, अन् मला दोन्ही चालतं.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवीन झालं होतं. मी अमरावतीत एका ठाण्यात हवालदार होतो अन् जिल्हा पोलिसांच्या हॉकी टीममध्ये फुलबॅक खेळायचो. त्या काळी आमच्याकडे हॉकी हा फाटक्या पोरांचाही खेळ होता. बोरीची वाकडी फांदी तोडायची, चुलीवर शेकून आणखी वाकवायची, चिंध्यांचा चेंडू बांधायचा अन् मैदान धरायचं. तुझा बाप काय करते, असं कोणी कोणाला विचारत नसे.

मग गावातल्या एका वकील साहेबांनी पोरांचं हॉकी मंडळ काढलं. हेतू चांगला होता, हे मी आधीच लिहून ठेवतो. माणूस खोटा नव्हता. फक्त त्यांना अकोल्याच्या पोरांना हरवायचं होतं. लागोपाठ हार झाली होती अन् अकोल्याच्या कोर्टात कोणीतरी त्यावरून त्यांना टोचलं होतं म्हणे. त्यांनी जबलपूरहून शिकवणारा आणला. जालंधरहून तुतीच्या लाकडाच्या स्टिका मागवल्या. मैदानाच्या कोपऱ्यात टिनाची खोली बांधली. अन् नियम केला, की स्टिक, कॅनव्हासचे बूट, गणवेश, रेल्वेचं भाडं, सगळं ज्याचं त्याने भरायचं. दिवाळीपर्यंत टिकायची पोरं श्रावणातच गळाली. माळ्याचा पोरगा बापासोबत भाजी विकायला बसला, टांगेवाल्याचा घोड्याला चारा टाकायला लागला. मागे राहिली ती ज्यांना परवडत होतं ती.

पण परवडणाऱ्यांचंही काही सुख नव्हतं. वकील साहेबांचा स्वतःचा मुलगा सेंटर फॉरवर्ड होता. सकाळी त्याला धावायला लावत, बाप सायकलवर मागे. संध्याकाळी जेवताना कोणता गोल कसा चुकला याची उजळणी. जबलपूरवाला चुकलेल्या फटक्याला पोटरीवर छडी मारायचा. तो पोरगा मैदानात असा पाय टाकायचा, जसा दवाखान्यात सुई घ्यायला निघाला. मी लाइनीवरून पाहायचो अन् मनात म्हणायचो, याला खेळ आवडतो की नाही हे कोणी विचारलं का?

गळालेल्यांत एक होता, त्याचा बाप कापसाच्या जिनात रुईच्या गाठी वाहायचा. आपण त्याला जिनातला पोरगा म्हणू. त्याच्यासारखा चेंडू काठीला चिकटवून नेणारा मी आमच्या पोलीस टीममध्येही पाहिला नाही. पैसे नव्हते म्हणून तो मंडळाची खोली झाडायचा, मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचा. आज ना उद्या खेळायला घेतील ही आशा. अकोल्याच्या मॅचची टीम लागली तेव्हा त्याचं नाव नव्हतं. कारण तेच, स्टिक नाही अन् बूट नाहीत. तो सगळ्यांसमोर ओरडला, "तुमच्या स्टिका एक दिवस चुलीतच घालतो!"

नवरात्र बसलं अन् खोलीतल्या सगळ्या नव्या स्टिका गेल्या.

वकील साहेब स्वतः फिर्याद द्यायला ठाण्यात आले. मी जागेवर जाऊन पंचनामा केला. कुलूप शाबूत, कोयंडा शाबूत, पत्रा हललेला नाही. म्हणजे किल्लीने उघडलं अन् किल्लीनेच लावलं. किल्ल्या दोन. एक वकील साहेबांच्या घरी खुंटीवर. दुसरी जबलपूरवाल्याकडे, अन् झाडायच्या वेळी ती जिनातल्या पोराच्या हातात.

आमचे ठाणेदार साहेब म्हणाले, "झालं की मग. धमकी त्यानं दिली, किल्ली त्याच्याजवळ. उचला त्याले."

मी म्हटलं, "साहेब, माल तं सापडू द्या. मालाबिगर उचलून काय करता?"

मी थांबलो त्याला कारण होतं. त्या पोराचं मॅट्रिकचं वर्ष होतं. बाप जिनात सगळ्यांना सांगायचा, माझा पोरगा सरकारी नोकरीत जाईल, तो गाठी नाही उचलणार. चोरीच्या गुन्ह्यात एकदा नाव चढलं की नोकरीच्या वेळी चारित्र्याच्या चौकशीत ते बाहेर येतं. ती चौकशी आम्हीच करायचो, म्हणून मला पक्कं माहीत. एका स्टिकेपायी एक घर पुन्हा गाठीखाली जाणार होतं.

दसऱ्याच्या सकाळी ठाण्यात गडबड होती. आदल्या दिवशी रायफली, बेड्या, लाठ्या यांची पूजा झालेली, फुलं तशीच वाळत होती. बंदोबस्ताच्या ड्युट्या वाटून होत होत्या. तेवढ्यात आमचा खबऱ्या आला. टांगेवालाच होता. चहा पाजला की तो बोलायचा, विडी दिली की खरं बोलायचा.

मी विडी दिली.

"हवालदार साहेब, तुमच्या हाकीच्या काठ्या नाल्याजवळ हायेत. पऱ्हाटीच्या ढिगात, पोत्यात बांधेल. बाया सरपन काढाले गेल्या तं दिसल्या."

"ढीग कोणाचा?"

"थेच तं सांगून राहिलो. जिनातल्या त्या पोराच्या घरचा."

मी शिपाई अन् दोन पंच घेऊन निघालो. त्या वस्तीत त्या दिवशी मोठा सण होता. छप्पन साली दसऱ्यालाच त्यांनी नागपुरात धम्म घेतला होता. माणसं-बाया पांढऱ्या कपड्यांत, दारोदार निळे झेंडे, वंदना नुकतीच आटोपलेली. आम्ही शिरलो तशी माणसं बाजूला सरली. पोराचा बाप पुढे आला.

"हवालदार साहेब, आज तरी?"

"बावा, मले बी बरं वाटून नाही राह्यलं. ढीग उपसू दे."

पोतं निघालं. पंचांसमोर सोडलं. स्टिका पाहून लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. पोरगा मात्र पुढे आला, मी 'हात लावू नको' म्हणेपर्यंत त्याने एक स्टिक उचलून हातात तोलली अन् म्हणाला, "एवढी हलकी असते?"

खोली रोज झाडणाऱ्या पोराने ती स्टिक कधी हातात धरली नव्हती. मी ते ऐकलं अन् पंचनाम्यात लिहिता येत नाही अशा जागी ठेवून दिलं.

पोराला ठाण्यात आणलं. बाप मागे मागे चालत आला अन् बाहेर निंबाखाली बसला. ठाणेदार साहेब मिरवणुकीच्या बंदोबस्तावर निघाले होते. जाताना म्हणाले, "दिवस बुडेपर्यंत कबुली पाहिजे. तुमच्यानं झालं नाही तं मी आल्यावर पाहतो." ते पाहतो म्हणाले म्हणजे काय, ते कोपऱ्यातल्या पट्ट्याला माहीत होतं.

मी पोराला समोर बसवलं. चहा दिला. त्याने घेतला नाही.

"खरं सांग लेका. घेतल्या?"

"नाही."

"मग तुह्या ढिगात कशा?"

"थे तुमी शोधा. पगार तुमाले भेटते."

शिपाई उठला. मी त्याला बसवलं. पोरगा पुढे म्हणाला, "अन् मले घ्याच्याच असत्या तं एकच घेतली असती. एका माणसाले खेळाले किती लागतात? बाकीच्या घेऊन काय मंडप घालू?"

मी आयुष्यात पुष्कळ जबाब घेतले. खोटं बोलणारा माणूस कारणं देतो, हे पोरगं मलाच प्रश्न विचारत होतं. मी मुद्देमालातली एक स्टिक घेतली अन् हात फिरवला. खेळणाऱ्याची सवय असते, काठी घेतली की आधी वाक पाहायचा. वाकाच्या आतल्या बाजूला बोटाला काहीतरी लागलं. लाल. खिडकीजवळ नेऊन पाहिलं, तर खाली पिवळं, वर लाल. कोणीतरी पुसलं होतं, पण वाकात फडकं पोहोचलं नव्हतं. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्यांना होतं. एका मुठीच्या पट्टीत झेंडूची पाकळी अडकली होती.

"याले कुंकू कोनं लावलं?"

पोरगा पहिल्यांदा हसला. "आमाले विचारता?"

मी बाहेर जाऊन बापाला विचारलं, "काल खंडेनवमीले तुमच्या घरी विळ्या-कुऱ्हाडीची पूजा झाली?"

"नाही साहेब. धम्म घेतला तवापासून बंद. पहिल्या सालात माह्या मायचा हात जात होता डबीकडे. आता तिलेबी सवय झाली."

दुपारी जेवायला क्वार्टरवर गेलो. बायकोने पुरणाची पोळी वाढली, पण माझं तोंड पाहून तिने ताट मागे ओढलं. "आधी बोला, मग जेवा. पुरण वाया घालवू नोका." मी सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "चोर कधी चोरीच्या मालाले कुंकू लावते काय?"

"मंग?"

"अहो, मानूस पूजा करते तं एका काठीले लावते अन् बाकीच्याइले हात जोडते. एकेकीले हळद आधी, कुंकू वर, हे बाईचं काम. घरात हत्यार सापडलं, खंडेनवमी होती, तिच्यानं राहवलं नसन. आता तुमीच पाहा, कोणत्या घरात किल्ली बी हाय अन् खंडेनवमी बी."

मी टोपीकडे हात नेला. ती म्हणाली, "आता जेवा. तपास थंडा झाला तं चालते, पोळी नाही."

ठाण्यात कुंकू म्हणजे पुरावा होत नाही. त्यावर झडतीचा कागद निघत नाही, अन् तोही वकिलाच्या घरचा. पण दसऱ्याला कोणाच्याही दारात जायला कागद लागत नाही. दिवस कलायला लागला तसा मी टोपी घातली, आपट्याची पानं खिशात घेतली अन् वकील साहेबांकडे सोनं द्यायला गेलो.

बैठकीत मंडळी बसली होती, सोनं देणं-घेणं चाललं होतं. वकील साहेबांनी मला मिठी मारली. मी त्यांच्या हातावर पानं ठेवली. आतून त्यांच्या पत्नी ओवाळायचं ताट घेऊन आल्या. त्यांनी मला ओवाळलं. मी पानं दिली अन् म्हणालो, "बाईसाहेब, स्टिका सापडल्या."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. निरांजनाची ज्योत हलली.

"सगळ्याइले हळद-कुंकू लागेल हाय. ज्या माउलीनं लावलं तिनं मनापासून लावलं. पण पोतं निघालं दुसऱ्याच्या ढिगात. जिनातला पोरगा सकाळपासून ठाण्यात बसला हाय. आता साहेब स्वतः विचारपूस करतीन."

वकिलाच्या बायकोला पोलिसांची विचारपूस काय असते हे सांगावं लागत नाही. त्या काही बोलायच्या आत मागच्या दारातून त्यांच्या पोराचा आवाज आला.

"त्याले काहून धरलं? थो ढीग त्याचा हाय हे मले माहीतच नव्हतं!"

वकील साहेब म्हणाले, "काय बडबडतोस? आत जा."

"नाही जात. खुंटीवरून किल्ली मीच काढली, बाबा. स्टिका गोठ्याच्या माळ्यावर मीच ठेवल्या. काल पूजेसाठी नांगराचा फाळ काढताना आईले दिसल्या. ती म्हणाली, बाहेर नेऊन ठेव, कोणाले तरी सापडतीन. म्हणून नाल्याजवळ ठेवल्या."

आई म्हणाली, "कुंकू मी लावलं. घरात असलेलं हत्यार त्या दिवशी कोरडं कसं ठेवू?"

"पण का?" वकील साहेबांचा आवाज चढला. "तुझ्यासाठी जालंधरहून मागवल्या ना?"

"म्हणूनच. स्टिका नसत्या तं अकोल्याची मॅच नसती. मॅच नसती तं जेवताना घास तरी गिळला असता." पोरगा थांबला नाही. "मले हॉकी आवडते, बाबा. पण तुमी लाइनीवर उभे असले की मले चेंडू दिसत नाही, तुमीच दिसता. अन् ज्याले टीममधून काढलं, थो माह्याहून चांगला खेळते. मैदानातल्या सगळ्याइले माहीत हाय, फक्त तुमाले नाही."

मला वाटलं, हात उचलतात. नाही उचलला. वकील साहेब खुर्चीत बसले. पाहुण्यांनी आपापली पानं आवरली. मग त्यांनी टोपी घातली, तबकातली थोडी पानं उचलली अन् पोराला म्हणाले, "चल." आम्ही तिघं पायी ठाण्यात गेलो. ठाणेदार साहेब आमच्या आधी पोहोचले नव्हते, ही त्या दिवशीची मोठी कृपा.

निंबाखाली बाप बसला होता तसाच बसला होता. वकील साहेबांनी त्याच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. शेवटी म्हणाले, "चूक माझ्या घरची आहे. माफ कर." अन् आपट्याची पानं पुढे केली.

बाप उठला. कपडे झटकले. "सोनं आमी घेत नाही, वकील साहेब. सोडलं थे. माह्या पोराले खेळू द्या, बस."

कोर्टात दोन तास बोलणारा माणूस तो. त्याने पानं खिशात ठेवली अन् मान हलवली.

आतून जिनातला पोरगा आला. वकिलाच्या पोराने खाली मान घातली. हा त्याला म्हणाला, "लेका, ठेवाच्या होत्या तं दुसऱ्याच्या ढिगात ठेवाच्या ना! आमचाच भेटला?" दोघंही हसायला लागले. मग शिपाई हसला, मग मी. सकाळचा चहा थंड होऊन साय धरून पडला होता. जिनातल्या पोराने तो तसाच पिऊन टाकला.

मी अटकेचा कागद भरला नव्हता, त्यामुळे खोडायला काही नव्हतं. ठाणेदार साहेब आल्यावर मला चार शब्द बोलले, ते मी उभं राहून ऐकून घेतले. फिर्याद गैरसमजातून झाली असा अहवाल गेला अन् प्रकरण मिटलं.

वकील साहेबांनी नियम बदलला. स्टिका कोणा एकाच्या नाहीत, खोलीच्या. जो येईल तो घेईल, खेळून झालं की जागेवर ठेवील. आमच्या पोलीस टीमच्या जुन्या स्टिकाही मी साहेबांना विचारून तिथे टाकल्या. जबलपूरवाला छडी घेऊन जबलपूरला गेला. वकील साहेब मैदानावर येत राहिले, पण गोलपोस्टच्या मागे निंबाखाली बसायचे अन् सोबत पेपर आणायचे. पेपर उलटा धरलेला मी एकदा पाहिला, पण बोललो नाही.

अकोल्याला आम्ही हरलोच. जिनातल्या पोराने चेंडू काढून द्यायचा अन् वकिलाच्या पोराने मारायचा, एक गोल तसा सुंदर झाला. बाकी अकोल्याची पोरं तयारीची होती. येताना बडनेऱ्याला गाडी थांबली, वकील साहेबांनी सगळ्यांना भजी चारली. मिरचीवरून पोरांची मारामारी झाली. हरून आलेली एवढी खूश टीम मी पुन्हा पाहिली नाही.

एक अडचण मात्र होती. तुतीच्या लाकडाला तेल पाजावं लागतं, नाहीतर ते तडकतं. सगळ्यांची वस्तू म्हणजे कोणीच तेल लावत नाही. मी त्या सगळ्या क्वार्टरवर आणल्या. बायको म्हणाली, "एवढं सरपन कशाले आनलं?" पण बसली. जवसाचं तेल अन् जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन एकेक स्टिक पुसून भिंतीला उभी केली. मग दर दसऱ्याला ते तिचं काम झालं. आमची बदली अकोल्याला झाली तेव्हाही ती दसऱ्याला अमरावतीला यायची, भावाकडे जाते म्हणून. पोरांची नवी पिढी आली, स्टिका बदलल्या, तेल तेच. कोणी तिला तेलवाली काकू म्हणायचं, मग तेलवाली आजी म्हणायला लागले.

जिनातला पोरगा सरकारी नोकरीत लागला. त्याच्या चारित्र्याचा कागद माझ्याच हातून गेला, त्यावर मी 'काही नाही' असं लिहिलं. माझ्या नोकरीतलं सर्वांत चांगलं वाक्य तेच. वकिलाचा मुलगा मोठा खेळाडू झाला नाही, पण केस पिकेपर्यंत रविवारी स्टिक घेऊन मैदानात दिसायचा, अन् कोणी बळजबरी केली नव्हती.

या प्रकरणाने मला एवढं शिकवलं, की चोरी झाली की लोक विचारतात कोणाजवळ नाही, अन् ज्याच्याजवळ नाही त्याला धरतात. ज्याच्याजवळ सगळं आहे त्यालाही काही नको झालेलं असू शकतं, हे डोक्यात येत नाही. पोरांच्या बाबतीत तर मुळीच येत नाही. आता मैदानावर पुन्हा बाप उभे असतात, पुन्हा महागड्या किट आल्या आहेत, अन् फी भरली नाही म्हणून कोणीतरी तारेच्या बाहेरून पाहत असतो. मी कोणाला शहाणपण शिकवत नाही. मैदान मोठं आहे, दोघं मावतात, एवढं सांगतो.

यंदाच्या खंडेनवमीला पाट मीच मांडला. शिट्टी, बक्कल, लाठी, विळी, अडकित्ता, स्टिक. हळद आधी, कुंकू वर. कुंकू वाकडं लागलं. फूल द्यायला कोणी नव्हतं, मीच घेतलं अन् मीच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जवसाच्या तेलाची बाटली अन् तिचा लुगड्याचा तुकडा घेऊन मी मैदानावर गेलो. खोलीची किल्ली मागून घेतली, पायरीवर बसलो अन् पहिली स्टिक मांडीवर आडवी घेतली. तेल जरा जास्तच पडलं. ती असती तर बोलली असती. मी पुसून घेतलं, भिंतीला उभी केली अन् दुसरी हातात घेतली.